चेतक मोडून खाण्याचा सोपा मार्ग

जिन्याखाली ताडपत्री पांघरून एक चेतक उभी असते. ती नाही अशी जुनी सोसायटी पुण्यात शोधून दाखवा. किक मारली तर पायाला झिणझिण्या, कलती करून मारली तर कमरेत चमक, गाडी मात्र ढिम्म. भंगारवाला किलोवर भाव सांगतो आणि तो ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांचं तोंड उतरतं. नेमक्या अशा वेळी एखादा भाचा फोन पुढे करतो, ‘मामा, हे बघा, नुसत्या स्पीडोमीटरला लोक डॉलरमध्ये बोली लावतायत!’ झालं. त्या क्षणापासून तुम्ही भंगाराचे मालक राहत नाही, निर्यातदार होता. पुढचं मार्गदर्शन खास तुमच्यासाठी आहे. पूर्वानुभवाची अट नाही. तो असता तर तुम्ही हे वाचायला घेतलंच नसतं.

१. आधी इतिहास पाठ करा. घरच्यांना पटवायला तोच उपयोगी पडतो. १९९५ साली पिएर ओमिड्यार नावाच्या गृहस्थांनी ‘ऑक्शनवेब’ नावाची साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. ओमिड्यारांनी घेणाऱ्याला विचारलं, बाबा रे, हा मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो. ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर रोज सांगा. ईबेचा भारतातला बाजार २०१८ साली बंद पडला, हे मात्र सांगू नका. म्हणजे आपला गिऱ्हाईक सातासमुद्रापार बसलाय, इतकाच त्याचा अर्थ घ्या.

तो सातासमुद्रापारचा गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल, हेही समजून घ्या. बजाजने १९६० पासून इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, ती व्हेस्पा स्प्रिंटच्या आराखड्यावर बेतलेली. त्यामुळे आकुर्डीचा बराचसा माल तिकडच्या व्हेस्पाला थोडंफार कानस मारून बसतो. ‘थोडंफार कानस’ ही बाब वर्णनात लिहायची नसते. जिन्याखाली लॅम्ब्रेटा असेल तर तुम्ही आणखी भाग्यवान. मिलानच्या इनोचेंटीची अख्खी यंत्रसामग्रीच १९७२ मध्ये लखनौच्या स्कूटर्स इंडियाने उचलून आणली, त्यामुळे इंग्लंडातले लॅम्ब्रेटावाले सुट्या भागांसाठी वर्षानुवर्षं आपल्याकडे डोळे लावून बसलेत.

२. अख्खी गाडी विकण्याचा मोह टाळा. अख्ख्या गाडीला एकच गिऱ्हाईक मिळतो आणि तो घासाघीस करतो. सुटे भाग केले की शंभर गिऱ्हाईक मिळतात आणि शंभरही घासाघीस करतात. शिवाय एकदा उघडलेली चेतक पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्न उरत नाही. धंद्यात ठामपणा हवा.

खोलण्यासाठी रविवार निवडा. गंजलेले नट आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवा. ज्या नटाची कड पान्याने गोल होते तोच सगळ्यात महत्त्वाचा नट असतो, हे ध्यानात ठेवा. निघालेले नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरा आणि झाकणावर मार्करने नाव घाला. पहिल्या डब्यावर तुम्ही लिहाल, ‘पुढचा ब्रेक, ड्रमचे नट, वॉशरसह’. दुपारी चारच्या सुमाराला लिहाल, ‘मागचं चाक (बहुतेक)’. दिवे लागायच्या वेळी लिहाल, ‘इतर’. ‘इतर’चे डबे सांभाळून ठेवा. पुढे ‘दुर्मिळ मूळ भागांचा संच’ याच डब्यांतून निघतो.

३. फोटो. कार्ब्युरेटर वर्तमानपत्रावर ठेवून फोटो काढायची पद्धत आता जुनी झाली, शिवाय गिऱ्हाईक झूम करून तारीख वाचतो. पांढरी चादर घ्या. घरातली चांगली चादर घ्या, डाग पडलेली चालत नाही. डाग फोटोनंतर पडतात. उजेड सकाळचा, बाल्कनीतला. वस्तूची चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे आणि तडा गेलेली बाजू देशाकडे असावी. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. ते नाणं लिड्स किंवा लिस्बनच्या माणसाने कधी पाहिलेलं नसतं, पण पद्धत म्हणजे पद्धत.

घासायचं किती? इथे जाणकारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ब्रासोने चकचकीत करा. दुसरा म्हणतो, गंज ठेवा, गोऱ्यांना गंज आवडतो, ते त्याला ‘पॅटिना’ म्हणतात आणि जास्त पैसे देतात. माझं मत विचाराल तर अर्धी वस्तू घासा. मग तिला ‘आधी आणि नंतर’ असं दाखवता येतं आणि दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक अंगावर येतात.

४. वर्णन. नवखे विक्रेते सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण ते खरं लिहितात. ईबेवर वस्तूची अवस्था सांगताना एक पर्याय असतो, ‘सुट्या भागांसाठी किंवा चालू नसलेली’. डोळे मिटून तो निवडा. या एका ओळीत अख्खं अभय आहे. चालू नाही म्हटलं, आता चालू नाही अशी तक्रार कोण करणार? तरीही करतात, तो भाग वेगळा. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असा शेरा मारून वस्तू परत पाठवणारे लोक इतके कल्पक असतात, की चालू नसलेली वस्तू आल्यावर चालली, म्हणूनही एखादा परत करेल.

काही शब्द जवळ ठेवा. ‘मूळ’, ‘कारखान्याचं’, ‘गोदामात पडून राहिलेलं’, ‘एकाच मालकाचं’. चेतकच्या बाबतीत शेवटचा शब्द खराही असतो. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. इतकी तपश्चर्या करून मिळालेली गाडी कोण कशाला विकेल? शीर्षकात ‘जुनी, पेट्रोलची’ हे आवर्जून घाला. आता त्याच नावाची बॅटरीवरची चेतक निघाली आहे आणि तुमच्या पिस्टनवर कुणीतरी ‘हा चार्जर आहे का?’ असं विचारू शकतं.

मात्र ‘जसं होतं तसं केलं’ असा दावा करताना जरा जपून. मुंबईच्या जुन्या घड्याळवाल्यांनी एकाची तबकडी, दुसऱ्याचे काटे आणि तिसऱ्याचं मशीन एकत्र बसवून, वर रंग देऊन इतकी घड्याळं परदेशी पाठवली, की जगभरचे घड्याळवेडे असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. पुण्याच्या नावाने असा प्रकार अजून प्रसिद्ध झालेला नाही. संधी आहे.

५. बोली. सात दिवसांचा लिलाव लावा, तो रविवारी संध्याकाळी संपेल असं बघा. तिकडची रविवार संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्रीनंतरची वेळ, तेव्हा गजर लावून उठा. पहिल्या दिवशी एक बोली येईल, ९९ सेंटची. पुढचे सहा दिवस काहीही होणार नाही. ‘अमुक इतके जण लक्ष ठेवून आहेत’ असा आकडा दिसेल, त्याने हुरळून जा. लक्ष ठेवणाऱ्यांत एक भाचा असतो, एक तुम्ही स्वतः दुसऱ्या फोनवरून आणि उरलेले तुमच्यासारखेच विक्रेते, आपल्या स्पीडोमीटरचा भाव ठरवायला थांबलेले.

शेवटच्या दहा सेकंदांत खरी झुंबड उडते. मुरलेले गिऱ्हाईक तोवर गप्प बसतात आणि शेवटच्या क्षणी बोली टाकतात. काहींनी तर हे काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असतं. म्हणजे तिकडे माणूस झोपलाय, त्याचं यंत्र बोली लावतंय आणि इकडे तुम्ही पहाटे बनियनवर बसून स्क्रीन ताजी करताय. ही विषमता मनाला लावून घेऊ नका.

बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या खात्यावरून स्वतःच्याच वस्तूवर बोली लावून भाव चढवायचा विचार तुमच्या मनात आलाच असेल. ते नियमात बसत नाही. शिवाय मेव्हणा जिंकू शकतो. मग स्वतःचाच हॉर्न स्वतःला विकून त्यावर साइटचं कमिशन भरावं लागतं, आणि मेव्हणा हॉर्न मागायला घरी येतो.

६. प्रश्नोत्तरं. परदेशी गिऱ्हाईक मिलिमीटरमध्ये बोलतो. ‘किक शाफ्टच्या दात्यांची संख्या आणि बाहेरचा व्यास कळवाल का?’ व्हर्नियर कॅलिपर विकत आणा. मोजून कळवा. तो आभार मानेल. मग आतला व्यास विचारेल. मग लांबी. ही सगळी मापं घेऊन तो स्वतःच्या लेथवर शाफ्ट बनवून घेईल आणि तुम्हाला त्याचा सुंदर फोटो पाठवेल. फोटोचं कौतुक करा. सौजन्य हे भांडवल आहे.

देशी गिऱ्हाइकासाठी ओएलएक्सवरही जाहिरात टाका. तिथे संभाषण आटोपशीर असतं. ‘अव्हेलेबल?’ ‘हो.’ ‘लास्ट?’ ‘बाराशे.’ ‘दोनशे देतो, घरी आणून द्या.’ तिथे एक ‘फौजी’ही भेटेल. त्याची बदली झालेली असते, वस्तू न पाहताच त्याला पसंत असते, आणि पैसे ‘पाठवण्यासाठी’ तो क्यूआर कोड पाठवतो. पैसे घेताना कोड स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो, ही या लेखातली एकमेव गंभीर सूचना आहे.

७. पॅकिंग. खोक्यात खोकं, मधे वर्तमानपत्रांचे बोळे. टेप इतकी लावा की आत काय आहे हे गिऱ्हाईकसुद्धा विसरावा.

८. टपाल. आता खऱ्या परीक्षेला बसा. परदेशी माल विकायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. शुल्क ५०० रुपये, नंबर म्हणजे तुमचाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन ताजा करायचा, माहितीत काही बदल नसला तरी. विसरलात तर कोड झोपी जातो. मालाला एचएस कोडही असतो. दुचाकीचे सुटे भाग ८७१४ मध्ये येतात, पण स्पीडोमीटर ९०२९ मध्ये. म्हणजे ज्या हँडलवर तो पन्नास वर्षं बसला होता, त्या हँडलशी त्याचा सरकारदरबारी संबंध नाही. मॅग्नेटोच्या फ्लायव्हीलमध्ये जबर चुंबक असतात आणि विमानात चुंबकांना वेगळे नियम लागतात. ही माहिती आधी कुणी देत नाही. ती पार्सल परत आल्यावर मिळते.

खासगी कुरिअरकडे गेलात तर वजनाचं एक नवं शास्त्र शिकाल. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. पुढचं मडगार्ड हातात जेमतेम दोनेक किलोचं लागतं. ७५ बाय ४० बाय ३० च्या खोक्यात घातलं की ते १८ किलोचं होतं. आत बरीचशी हवा आहे, अशी तक्रार केलीत तर हवाही पोचवावी लागते, असं उत्तर मिळतं. ते बरोबरच आहे.

म्हणून शेवटी माणूस टपाल खात्याकडे वळतो. कॅम्पातल्या जीपीओत जा, सकाळी जा, रिकाम्या पोटी जाऊ नका.

‘काका, आत काय आहे?’

‘सुटे भाग.’

‘कशाचे?’

‘स्कूटरचे. चेतकचे.’

‘नवीन?’

‘नाही, वापरलेले.’

‘मग किंमत काय लिहू?’

इथे तुम्ही अडखळता. कमी सांगावी तर गहाळ झाल्यावर भरपाई तितकीच. जास्त सांगावी तर तिकडे जकात बसते. खिडकीमागच्या बाईंना तुमच्या पेचाशी देणंघेणं नसतं, मागे रांग असते, पण मधेच त्या चष्म्यावरून बघून म्हणतात, ‘आमच्याकडे पण होती हो चेतक. बाबांची. पिस्त्या रंगाची.’ रांगेतले दोघं मान डोलावतात. एक म्हणतो, त्यांची अजून आहे. या क्षणाला भाव खाऊन घ्या. अख्ख्या व्यवहारात तुमच्या मालाचं कौतुक करणारा खराखुरा माणूस इथेच भेटतो, आणि त्याला तो विकत घ्यायचा नसतो.

अमेरिकेचं पार्सल असेल तर बातम्या वाचत चला. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातीची सूट अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये काढली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडचं पार्सलांचं बुकिंगच काही काळ थांबवलं. दोन महासत्तांमध्ये तुमची क्लच वायर कधी अडकेल, सांगता येत नाही.

९. नफा. आला ना मुद्द्यावर! वही उघडा. डावीकडे विक्रीची रक्कम लिहा. उजवीकडे साइटचं कमिशन, डॉलरचे रुपये करून देणाऱ्याची कापाकापी, टपाल, बबल रॅप, टेप, व्हर्नियर, ब्रासो, जीपीओला जाता-येताची रिक्षा, अर्ध्या दिवसाची रजा, आणि चादर. चादर दोनदा लिहा. एकदा तुम्ही, एकदा घरातून. आता उजवीकडची बेरीज करू नका.

जाणकाराचं लक्षण हेच, की त्याला कळून चुकलेलं असतं, या धंद्यात तोटा विक्रीतून होतो. लिस्टिंगला जवळजवळ खर्च नाही. खर्च सुरू होतो तो वस्तू विकली गेली की. तेव्हा फायद्यात राहायचं तर विकली जाणार नाही अशी काळजी घ्या. राखीव किंमत नव्या गाडीच्या आसपास ठेवा. टपालखर्च मंगळापर्यंतचा लावा. तरीही एखादा खुळा घेईलच, त्याला माफ करा.

मग मिळवायचं काय? साहेब, अहो, सगळंच मिळवलंत! कालपर्यंत बाल्कनीत पडलेलं ते ‘भंगार’ होतं, आज तो ‘माल’ आहे. कालपर्यंत घरातून येणारा प्रश्न होता, ‘अहो, हे कधी बाहेर काढणार?’ आज तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणू शकता, ‘लिलाव चालू आहे, हात लावू नका.’ माल ठेवायला कपाटाचा एक कप्पा मागता येतो. तो भरला की दुसरा. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जायला कारण मिळतं, कारण भाव बघायला लागतो, आणि भाव बघायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. सहा महिन्यांत तुमच्याकडे मूळ चेतकमध्ये होते त्यापेक्षा जास्त सुटे भाग असतील. याला वाढ म्हणतात.

१०. शेरे. २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट लिहिता येत नाही, गिऱ्हाइकाला विक्रेत्याबद्दल येतं. सून असल्याची सवय असेल तर अवघड जाणार नाही.

११. कागदपत्रं. सगळ्यात शेवटी सांगाडा उरतो, त्यावर चासी नंबर असतो आणि तो सांगाडा कुणालाही असाच देऊन चालत नाही. कायद्याने गाडी मोडीत निघाली की मालकाने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. ‘मालकाने’ हा शब्द पुन्हा वाचा. मग आरसी काढून बघा. ती आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि वारसांत दोन काका, एक आत्या आणि नागपूरला असलेली एक चुलत बहीण आहे.

हे सगळं खरं तर पहिल्या पायरीला करायचं, पण तेव्हा केलं असतं तर बाकीच्या पायऱ्या आल्या नसत्या. आता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नम्र निवेदन टाका, की वारसांची संमती हवी आहे. तुम्ही आजवर लावलेल्या कुठल्याच लिलावाला आला नसेल असा प्रतिसाद पाच मिनिटांत येईल. सांगलीच्या काकांना हँडल हवंय, त्यावर बसून ते शाळेत गेले होते. हँडलवर कुणी बसत नसतं, पण ते सांगू नका. आत्याला मागची सीट हवी आहे, लग्नानंतर ती तिच्यावरून सासरी गेली. चुलत बहिणीला नुसती ‘बजाज’ अक्षरं लिहिलेला तो मोनोग्राम हवाय, फ्रेम करायला. धाकट्या काकांचं म्हणणं, गाडी मुळात त्यांनाच द्यायचं ठरलं होतं, आणि ती अखंड हवी आहे.

त्यांना ‘इतर’च्या डब्यांबद्दल एवढ्यात काही बोलू नका. वाद घालू नका, आठवणी काढू नका, आजोबांचा फोटो तर मुळीच टाकू नका. प्रत्येकाला वेगवेगळा मेसेज करा. वस्तू राखून ठेवली आहे म्हणावं, आणि सांगलीपर्यंतचं, नागपूरपर्यंतचं पोस्टेज किती पडेल ते खोक्याच्या मापासकट कळवा. ग्रुप निदान दिवाळीपर्यंत शांत राहतो.